निःशब्द ध्वनी आणि औषधांची वलये
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी वडनेर भोलजी येथे केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या संमेलनात विद्यार्थ्यांचा सत्कार, शिष्यवृत्तीची घोषणा आणि एखादे व्याख्यान हा क्रम नित्याचा आहे. व्याख्यानाचा विषय बहुधा समाजसुधारणा, व्यसनमुक्ती अथवा शेती असा असतो. या खेपेस मंडळाने आम्हांस रसायनशास्त्रावर बोलण्याची आज्ञा केली, याचे पुष्कळांस नवल वाटले असेल. परंतु त्यामागे कारण आहे. आपल्या कुटुंबांतील जी मुले-मुली मलकापूर, नांदुरा, खामगाव, अमरावती येथील महाविद्यालयांत विज्ञान शिकतात, त्यांतील कितीएक जण सेंद्रिय रसायनशास्त्र हा विषय घेतात. घरी परतल्यावर वडीलधारी मंडळी विचारतात, "बाबा रे, तू तिथे नेमके करतोस काय?" मुलगा अवघड नावे उच्चारतो आणि संभाषण तेथेच संपते. ते संभाषण पुढे चालावे, आणि शिष्यवृत्तीचा पैसा कशासाठी खर्च व्हावा याचा विचार सर्वांस करता यावा, एवढाच आमचा हेतू आहे. त्यासाठी आम्ही एकच विषय निवडला आहे. कानांस ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या साहाय्याने औषधोपयोगी रेणू कसे घडवितात, हा तो विषय होय.

प्रथम हे रेणू कोणते ते पाहू. कर्बाचे अणू एकमेकांस जोडले जाऊन जेव्हा साखळीऐवजी वलय बनते आणि त्या वलयात कर्बाबरोबर नत्र, प्राणवायू किंवा गंधक यांचाही अणू बसलेला असतो, तेव्हा त्या पदार्थास विषमवलयी संयुग म्हणतात. महाविद्यालयातील मुले त्यालाच हेटरोसायक्लिक संयुग म्हणतात. नाव कठीण असले तरी पदार्थ घरचेच आहेत. आपल्या रक्ताचा तांबडा रंग आणि पिकांचा हिरवा रंग ज्या रेणूंमुळे आहे, त्यांत नत्रयुक्त वलये आहेत. निळीचा रंग, चहातील कॅफीन, तंबाखूतील निकोटीन, ब-1 जीवनसत्त्व, ही सारी त्याच वर्गातील होत. आमांशावर डॉक्टर मेट्रोनिडॅझोल देतात, नायट्यावर क्लोट्रिमॅझोलचे मलम देतात, रक्तदाबावर लोसार्टन देतात. या तिन्ही औषधांच्या रेणूंत इमिडॅझोल नावाचे एकच पाच अणूंचे वलय आहे. त्यात तीन अणू कर्बाचे आणि दोन नत्राचे. वलयातील सर्व अणू एकाच जातीचे असले म्हणजे पदार्थाच्या अंगी काही गुण असतातच, परंतु औषधी गुण पुष्कळदा तेव्हा येतो, जेव्हा भिन्न जातीचा अणू त्या पंक्तीत येऊन बसतो. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो, तथापि निसर्गाचा नियम हा असा आहे.

आता असे वलय बांधावे कसे? इमिडॅझोलाचेच उदाहरण घेऊ, कारण त्याचा इतिहास जुना आणि मनोरंजक आहे. डेबुस या जर्मन रसायनज्ञाने 1858 साली ग्लायॉक्झल आणि अमोनिया यांपासून हे वलय तयार केले. त्याच कुळातील लोफाइन नावाचा पदार्थ त्याच्याही आधी ज्ञात होता. 1877 साली रॅडझिशेव्स्की या पोलिश रसायनज्ञास असे दिसले की, क्षारयुक्त मद्यार्कात विरघळविलेले लोफाइन हवेच्या संपर्काने अंधारात मंद प्रकाश देते. पुढे 1882 च्या सुमारास त्यानेच लोफाइन करण्याची सरळ रीत दिली. बेंझिल नावाचे पिवळे स्फटिक, कडू बदामाचा वास असलेले बेंझाल्डिहाइड आणि अमोनिया, ही तीन द्रव्ये एकत्र आणावयाची. बेंझिल आणि अल्डिहाइड कर्ब पुरवितात, अमोनिया नत्र पुरवितो, आणि पाणी बाहेर पडून वलय पुरे होते.

येथे हिशेब मांडून दाखवितो, कारण हिशेबावाचून रसायनशास्त्र म्हणजे नुसता पाकक्रियेचा संग्रह होय. बेंझिल 210 भाग, बेंझाल्डिहाइड 106 भाग, अमोनिया 34 भाग, एकूण 350 भाग वजन आत जाते. त्यातून 296 भाग लोफाइन आणि 54 भाग पाणी निघते. बेरीज पुन्हा 350. म्हणजे 2.10 ग्रॅम बेंझिल घेतले, तर कितीही कुशल हात असला तरी 2.96 ग्रॅमपेक्षा अधिक लोफाइन मिळणे शक्य नाही. प्रत्यक्षात 2.50 ग्रॅम हाती आले, तर उतारा शेकडा 84 झाला. आपण शेतकरी कुटुंबांतील माणसे. एकरी उतारा काढताना बियाणे, खत आणि पाणी यांचा हिशेब जसा धरतो, तसाच हा हिशेब आहे.

जुन्या रीतीत अडचण अशी की, ही द्रव्ये पुष्कळदा तीव्र अम्लात, उच्च तापमानास, तासन् तास उकळावी लागत. त्यात इंधन जाते, वेळ जातो, आणि उरलेले अम्ल फेकावे कोठे हा प्रश्न राहतो. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडील आपल्या शेजारच्या विद्यापीठात या अडचणीवर काम झाले, हे आपणांस कळावे असे आम्हांस वाटते. 1958 साली स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ 1994 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. तेथील प्रा. एम. एस. शिंगारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एका कोरियन रसायन-नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. बेंझिल, निरनिराळी अल्डिहाइडे आणि अमोनियासाठी अमोनियम ॲसिटेट ही द्रव्ये घेऊन, जलीय माध्यमात, बोरिक अम्लाच्या साहाय्याने आणि श्राव्यातीत ध्वनीच्या योगाने लोफाइनच्या जातीची इमिडॅझोले तयार करण्याची रीत त्यात दिली आहे. बोरिक अम्ल म्हणजे काही दुर्मिळ रसायन नव्हे. कॅरमच्या फळीवर जी पांढरी पूड भुरभुरवितात ती बहुधा हीच असते. ज्या संशोधकांनी हे केले त्यांची आडनावे वाचली तर शेळके, सपकाळ, सोनार, शिंगटे अशी आपल्याच गावांत ऐकू येणारी आहेत. हे काम परदेशी गेलेल्या कोणा एकट्याचे नसून आपल्या मुलुखातील प्रयोगशाळेत बसून केलेले आहे, ही गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

हा श्राव्यातीत ध्वनी म्हणजे काय? मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा ध्वनी आपणांस ऐकू येत नाही, वटवाघळास येतो. प्रयोगशाळेतील साधने बहुधा 20 ते 40 हजार कंपनांची असतात. सराफाच्या दुकानात अथवा चष्म्याच्या दुकानात पाण्याची एक लहान पेटी असते. तीत मळलेला दागिना वा चष्म्याची चौकट ठेवली की तो मळ आपोआप सुटतो. ती पेटी याच तत्त्वावर चालते, आणि प्रयोगशाळेतील साधी पेटी तिचीच बहीण होय. दवाखान्यातील सोनोग्राफीतही असाच ध्वनी असतो, परंतु त्याची कंपने सेकंदाला वीस लाखांहून अधिक असून जोर फार कमी असतो. तो पाहण्यासाठी योजलेला आहे, घडवण्यासाठी नव्हे. म्हणून माताभगिनींनी या दोहोंची गल्लत करून भिण्याचे कारण नाही.

साहजिकच कोणी विचारील की, ध्वनी रेणूला धरून हलवितो काय? नाही. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. 20 हजार कंपनांनी भागले तर एका लाटेची लांबी साडेसात सेंटिमीटर येते. रेणू तर एका मिलिमीटरच्या दहा लाखांश भागाएवढ्या मापाचा असतो. गाडीच्या चाकाने मोहरीच्या दाण्यास दोरा ओवता येत नाही, तसा इतक्या लांब लाटेने रेणूचा बंध थेट तोडता वा जोडता येत नाही. काम करतात ते बुडबुडे. लाट जाताना द्रव एकदा दाबला जातो, एकदा ताणला जातो. ताणाच्या क्षणी द्रवात सूक्ष्म पोकळी उत्पन्न होते, काही कंपनांत ती वाढते आणि मग एकाएकी मिटते. मिटताना आतील वायू इतक्या वेगाने चेपला जातो की, तेथील तापमान सुमारे 5000 अंशांपर्यंत जाते आणि दाब वातावरणाच्या शेकडो पट होतो. अमेरिकेतील सस्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली हे तापमान रासायनिक उपायांनी मोजले. हे सर्व सेकंदाच्या दशलक्षांश भागात घडते आणि भोवतालचे पाणी मात्र जवळजवळ थंडच राहते.

बुडबुड्यांची ही शक्ती प्रथम ध्यानात आली ती जहाजांच्या पंख्यांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या वेगवान युद्धनौकांचे पंखे अपेक्षित जोर देईनात, आणि त्याचे कारण पंख्यामागे उठणाऱ्या पोकळ्या हे होते. 1917 साली लॉर्ड रॅले यांनी मिटणाऱ्या पोकळीचे गणित मांडले. 1927 साली रिचर्ड्स व लूमिस यांनी तीव्र ध्वनीचे रासायनिक परिणाम नोंदले. पुढे बराच काळ हा विषय बाजूस पडला होता. 1980 च्या सुमारास फ्रान्समध्ये ल्यूश यांनी धातूंच्या सेंद्रिय विक्रियांस ध्वनीची जोड देऊन त्यास नवे चैतन्य आणले.

आपल्या वऱ्हाडात हे समजावून सांगण्यास फार दूर जावयास नको. पिंजारी धनुकलीची तार छेडतो तेव्हा दाबून घट्ट झालेला कापूस मोकळा होतो. तार प्रत्येक तंतूला वेगळे पकडीत नाही, परंतु तिच्या कंपनाने गुंता सुटतो आणि पूर्वी आत दडलेला प्रत्येक तंतू उघडा पडतो. बेंझिल पाण्यात विरघळत नाही. त्याचे खडे तसेच राहिले तर वरच्या थरापुरतीच विक्रिया होते. घन पदार्थाजवळ बुडबुडा मिटला की द्रवाची सूक्ष्म धार त्या पृष्ठावर आदळते. तिचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात असू शकतो. त्यामुळे खड्यांचा चुरा होतो, पृष्ठ नित्य ताजे राहते आणि न मिसळणारी द्रव्ये एकमेकांत मिसळतात. जलीय माध्यमात ध्वनी उपयोगी पडतो त्याचे एक मोठे कारण हे आहे.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. सामान्य विक्रिया तापविल्याने वेगाने होते. येथे मात्र द्रव फार तापला की बुडबुड्यात वाफ भरते, ती उशीसारखी आड येते आणि मिटण्याचा जोर कमी होतो. म्हणून ध्वनीची विक्रिया पुष्कळदा थंडच बरी.

येथवर गुणवर्णन झाले. आता ज्यासाठी हा विषय निवडला तो मुद्दा. गेल्या काही वर्षांत ध्वनीच्या पेटीचा उपयोग करून विषमवलयी संयुगे केल्याचे निबंध जगभर उदंड झाले आहेत. त्यांत उत्तम आहेत तसे उथळही आहेत. पुष्कळ ठिकाणी एवढेच लिहिलेले असते की, "उकळून सहा तास लागले, ध्वनीने अर्धा तास लागला." ऐकण्यास हे गोड आहे. परंतु पेटीतील पाणी काही वेळाने आपोआप तापते. मग काम ध्वनीने केले की उष्णतेने? द्रावक बदलला असेल, उत्प्रेरक बदलला असेल, तर श्रेय कोणाचे? दोन शेतांत दोन वेगळी बियाणी, एकास पाणी आणि दुसरे कोरडवाहू, अशी तुलना करून बियाण्याचा गुण कोणी ठरवील काय? न्याय्य तुलना अशी की, तीच द्रव्ये, तेच माप, तेच तापमान, तितकाच वेळ, तशीच ढवळण्याची सोय असे दुसरे पात्र शेजारी ठेवावे. फरक एकच, त्यास ध्वनी देऊ नये. मग दोहोंचा उतारा तोलून पाहावा. हे मूक पात्रच खरा साक्षीदार होय. त्याने सांगितले की फरक काहीच नाही, तर तेही वहीत लिहावे. असा निष्कर्ष कमी प्रतीचा नाही. तो दुसऱ्या एखाद्या गरीब विद्यार्थ्याचे सहा महिने वाचवितो.

हा नियम पाळण्यास मोठे यंत्र लागत नाही, आणि म्हणूनच हा विषय आपल्या मुलांच्या आवाक्यात आहे. तापमापक लागतो, घड्याळ लागते, चांगला तराजू लागतो. पेटीत जोर कोठे अधिक आहे हे पाहावयाचे असल्यास स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा तुकडा मिनिटभर पाण्यात धरावा. जेथे छिद्रे पडतात तेथे जोर अधिक. पात्र नेहमी त्याच जागी ठेवावे. विजेचाही हिशेब करावा. समजा, 100 वॅटची पेटी तासभर चालली, तर वीज एक दशांश युनिट खर्च झाली. 500 वॅटची शेगडी चार तास चालली, तर दोन युनिट. असा ताळा मांडल्यावाचून "विजेची बचत" हे शब्द निबंधात लिहू नयेत. सावधगिरीही सांगितली पाहिजे. चालू पेटीत हात घालू नये, दांडीच्या यंत्राजवळ काम करताना कान झाकावेत, आणि पेट घेणारा द्रावक उघड्या पेटीत ओतू नये.

मग कारखान्यांत सर्वत्र हीच रीत का नाही, असे कोणी म्हणेल. कारण मोठ्या टाकीत ध्वनीचा जोर थोड्या अंतरावर ओसरतो. यावरही उपाय शोधणारे आपलेच आहेत. मुंबईत 1933 साली स्थापन झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे आज स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे. तेथील अनिरुद्ध पंडित आणि ज्येष्ठराज जोशी यांनी 1993 साली दाखविले की, ध्वनीऐवजी द्रव पंपाने अरुंद वाटेतून जोराने नेला तरी बुडबुडे उठतात आणि मिटतात, व तेलाच्या विघटनासारखी कामे त्यांच्याकडून करून घेता येतात. बुडबुडा तोच, पण तो उठविण्याचे साधन पंप आणि नळ. मोठ्या कामास ही वाट अधिक सोयीची आहे, आणि पाण्याच्या शुद्धीकरणासाठीही तिचा अभ्यास झाला आहे. याच संस्थेची मराठवाडा शाखा 2018 मध्ये जालन्यास सुरू झाली. आपल्या जिल्ह्याच्या सीमेस लागून असलेल्या जिल्ह्यात ती आहे. मुंबईस खोली मिळत नाही म्हणून मुलीचे शिक्षण थांबविणाऱ्या पालकांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी.

आता मंडळाकडे वळतो. विज्ञानाचे शिक्षण घेतले म्हणजे नोकरी हमखास मिळते, असे आश्वासन आम्ही देणार नाही. रसायनशास्त्राची पदवी घेऊन घरी बसलेली मुले आपल्याही गावांत आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांचे दुःख आम्हांस दिसते. त्यातच भर अशी की, पैसे भरले की कसलाही निबंध छापून देणारी नियतकालिके आज सर्वत्र बोकाळली आहेत. पालक कर्ज काढून ते पैसे देतात, मुलाच्या नावापुढे निबंधाची संख्या वाढते आणि हाती कौशल्य मात्र येत नाही. मुलाखतीत दोन प्रश्न विचारले की सारे उघडे पडते. नुसत्या उताऱ्याचा आकडा फुगविण्याची सवय जडलेला तरुण औषधांच्या कारखान्यात गेला, तर तेथील धोका त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. ज्या गोळ्या आपण विश्वासाने आपल्या लेकरांच्या तोंडात घालतो, त्यांच्या शुद्धतेचा तो प्रश्न आहे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. मंडळाच्या शिष्यवृत्तीचा काही भाग गुणपत्रिकेवर न देता प्रयोगवहीवर द्यावा. ज्या विद्यार्थ्याने वा विद्यार्थिनीने एक विक्रिया मनःपूर्वक केली, तिचे मूक पात्र शेजारी ठेवले, प्रत्येक वजन त्याच दिवशी नोंदले, फसलेले प्रयत्न खोडून न टाकता ठेवले, तिला सुट्टीत एक महिना एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत राहण्याचा आणि प्रवासाचा खर्च मंडळाने द्यावा. निबंध छापण्याची फी मात्र मंडळाने कधीही देऊ नये. वही तपासण्यास आपल्या समाजातील निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत, आणि ते हे काम आनंदाने करतील. मुलींचा विचार येथे प्रथम व्हावा, कारण पदवीनंतर प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवासखर्च कोणी करावयाचा या प्रश्नावर त्यांचीच वाट अधिक अडते.

घरच्या मंडळींनीही एक करावे. मूल सुट्टीत आले की त्यास "नोकरी केव्हा?" हे विचारण्याआधी "वही दाखव" असे म्हणावे. त्यातील सूत्रे समजली नाहीत तरी चालेल. "हे पात्र कशाला ठेवले होते?" एवढाच प्रश्न विचारावा. ज्याने काम खरे केले आहे तो त्याचे उत्तर आपल्या भाषेत, आपल्या आजीस कळेल असे देईल. ज्याला देता येणार नाही, त्यास परत प्रयोगशाळेत पाठवावे. त्यात अपमान नाही.

ज्या पिढीने कापसाच्या गाठी तोलताना काट्याशी प्रामाणिकपणा राखला, तिची नातवंडे आज ग्रॅमच्या हजारांश भागाचा तराजू हाताळीत आहेत. माप सूक्ष्म झाले, सचोटी तीच हवी.